वहीतले सगळे आकडे सारखे नसतात

गेल्या पंधरवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांची कन्या त्यांची नोंदवही घेऊन दवाखान्यात आली. वडिलांच्या कंबरदुखीला शून्य ते दहापैकी किती गुण, हे ती दिवसातून तीनदा विचारून लिहीत असे आणि रात्री सरासरी काढीत असे. सरासरी चारच्या जवळपास, म्हणून दुखणे मध्यम, असा तिचा समज. मी मूळ आकडे पाहिले : सकाळी २, दुपारी २, रात्री ९. या वयात झोपेतून उठवणाऱ्या कंबरदुखीची तपासणी लांबवता येत नाही. ती मी त्याच दिवशी लिहून दिली.

दोष तिचा नाही. आकडे दिसले की बेरीज करून भागावे, हेच आपण शाळेत शिकलो. परंतु वाचकहो, आकड्यांच्याही जाती असतात. स्टॅन्ली स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली मोजमापाचे चार प्रकार मांडले. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात ते आजही शिकवतात.

रक्तगट हे केवळ नाव. त्यात लहानमोठे काही नाही. वेदनेचे गुण क्रम दाखवतात. ८ हे ४ पेक्षा अधिक, एवढेच खरे. दुप्पट म्हणता येत नाही, कारण दोन गुणांमधले अंतर सर्वत्र सारखे असल्याची खात्री नसते. लघवीच्या तपासणीत येणाऱ्या अधिकच्या चिन्हांचेही तसेच. तापमानात अंतरे सारखी असतात, पण आपल्या नागपुरातला ४४ अंशांचा दिवस २२ अंशांच्या दिवसाच्या दुप्पट उष्ण नसतो. सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, उष्णतेचा अभाव नव्हे. हेच दोन दिवस फॅरनहाइटमध्ये मोजा : १११.२ आणि ७१.६. दुप्पट कुठे गेली?

वजन आणि रक्तातील साखर यांचे शून्य मात्र खरे शून्य. तेथे २०० म्हणजे १०० च्या दुप्पटच. (तरीही उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मिसळून सरासरी काढू नये, ही माझी जुनी तक्रार.)

तेव्हा घरातल्या ज्येष्ठांची वही लिहिताना वेदनेचा प्रत्येक आकडा वेळेसह तसाच राहू द्यावा. शेजारी त्यांचेच शब्द लिहावेत : ‘कूस बदलताना कळ आली’, ‘बसल्यावर बरे वाटले’. ताप लिहिताना सेल्सिअस की फॅरनहाइट, तेही नोंदवावे.