बिबट्या, कुत्रा आणि कासदाहाची ट्यूब

पिंजऱ्यातील वन्य प्राण्यांमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आढळतात ते केवळ तेथील उपचारांमुळे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अहिल्यानगर जिल्ह्यापुरते तरी अपुरे आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्यांच्या आहारापैकी, वजनाच्या हिशेबाने, 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आणि त्यातही 39 टक्के एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उसातला बिबट्या पिंजऱ्यात येण्याआधीच गोठ्याशी बांधला गेलेला असतो. कासदाह, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत दगडी, झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की काही दिवस ते दूध डेअरीला घालता येत नाही. मग ते वासराला पाजले जाते, उकिरड्यावर ओतले जाते किंवा दारातल्या कुत्र्यापुढे ठेवले जाते, आणि त्या कुत्र्याच्या आतड्यात औषध पचवलेले जिवाणूच तेवढे तग धरतात; असा कुत्रा खाल्ला की ते बिबट्यापर्यंत पोहोचू शकतात. प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांतून हा गुण एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातो. केंद्र सरकारने 2019 मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण गोठ्यातील इतर औषधांचा बेहिशेबी वापर त्याने थांबत नाही. पत्रलेखकांचा आरोप तपासायचा तर पकडलेल्या बिबट्याच्या विष्ठेचा नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावा लागेल, कारण नंतरच्या नमुन्यावरून दोष गोठ्याचा की पिंजऱ्याचा, हे सांगता येणार नाही.