टपालाचे धडे व वर्कशॉपचें कुलूप

फावल्या वेळीं पत्रद्वारा धंदा शिकणाऱ्यास हंसण्याची आमच्या सुशिक्षितांस खोड आहे. हातांत हत्यार धरल्यावांचून कोणी कारागीर होतो काय, असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारावयाचा कोणास? १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना थाटणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे ड्रॉइंगचे शिक्षक. मुंबईच्या तंत्रशाळेंतील यंत्रें त्यांस फावल्या वेळीं हाताळावयास मिळालीं, म्हणून पुस्तकी विद्या हातांत उतरली. भाऊराव पाटलांच्या साताऱ्यास ‘कमवा आणि शिका’ हें निराळें सांगावयास नको. १९८९ सालीं नाशकास मुक्त विद्यापीठ निघालें आणि पुस्तक घरोघर पोंचलें. यंत्र मात्र पोंचलें नाहीं. सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. परंतु दिवसभर राबणारा तरुण ज्या वेळीं मोकळा होतो, त्याच वेळीं आमच्या वर्कशॉपांस बहुधा कुलूप पडतें! आम्हां प्राध्यापकांनीं आठवड्यांतून दोन सायंकाळीं तें काढावें. मग कोणाची विद्या कच्ची तें खुशाल ठरवावें. किल्ली आपल्या खिशांत ठेवून दाराबाहेरच्यास हंसणें, ही विद्वत्ता नव्हे. हा निव्वळ कोडगेपणा होय.