न लिहिलेले तिसरे वाक्य

सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५वा अध्याय मात्र काहींना सार्वकालिक जीवन आणि काहींना सार्वकालिक शिक्षा सांगून संपतो. दयाळू देव आणि न संपणारा छळ यांचा मेळ कसा घालायचा? श्रद्धावान वाचक बहुधा यातल्या एका वचनावरून घाईने पुढे सरकतो, तर टीकाकार दोन्ही शेजारी ठेवून ग्रंथच मोडीत काढतो. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. त्यांच्याही आधीपासून एकमेकांच्या ग्रंथांतल्या विसंगती हुडकणे हे आपल्याकडे वादातले हुकमी हत्यार होऊन बसले आहे. हत्याराने वाद जिंकता येतो, पण त्याने ग्रंथ समजत नाही. दोन वचने भांडताना दिसली, की वाचणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: या दोहोंच्या मध्ये मी माझे एखादे वाक्य तर घुसडलेले नाही ना?

हे किती कसोशीने करता येते, ते स्लायगोत जन्मलेल्या एका माणसाने दाखवले. आयर्लंडच्या वायव्येकडील या काउंटीतल्या स्क्रीन गावी १८१९ साली जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांचा जन्म झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. मुलगा केंब्रिजला गेला आणि १८४९पासून १९०३मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यूटनने भूषवलेल्या गणिताच्या पीठावर राहिला. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे नाव द्रवांच्या प्रवाहाच्या समीकरणांतून माहीत असते. मात्र याच माणसाने नरकाच्या प्रश्नावर सखोल विचार केला आणि १८९७ साली त्यावरचे त्यांचे पुस्तक निघाले, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर नसते.

त्यांची विचारपद्धत एका प्रयोगात जवळून दिसते. क्विनिनचे द्रावण पाण्यासारखे नितळ असते, पण उन्हात धरले की पृष्ठभागाशी निळी झाक उमटते. त्यातून एकदा गेलेला प्रकाश दुसऱ्या तशाच द्रावणावर पाडला, तर ती झाक उमटत नाही, जरी डोळ्यांना तो प्रकाश पहिल्यासारखाच दिसतो. जॉन हर्शेल यांनी १८४५मध्ये हे नोंदवून ठेवले होते. स्टोक्स यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला आणि द्रावणाची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता अंधार, तिथे नळी निळी उजळली. निरीक्षणे दोन्ही खरी होती. खोटे ठरले ते सर्वांनी गृहीत धरलेले तिसरे वाक्य: एकजिनसी किरणाची जात कधी बदलत नाही. द्रावण अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकत होते. १८५२ साली त्यांनी हे मांडले.

नरकाच्या प्रश्नातही त्यांनी वचनांची काटछाट केली नाही. मधले वाक्य तपासले. ते वाक्य असे: माणसाचा आत्मा स्वभावतःच अमर आहे. हे मानले, की शिक्षा भोगणाराही कायम उरतो आणि छळाला अंत राहत नाही. पण त्याच तीमथ्याच्या पत्राचा सहावा अध्याय अमरत्व एकट्या देवाचे म्हणतो. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पापाचे वेतन मरण आणि सार्वकालिक जीवन हे दान मानतो. मत्तयाचा दहावा अध्याय नरकात शरीर आणि आत्मा या दोहोंच्या नाशाची भाषा बोलतो. यावरून स्टोक्स यांचे मत बनले, की अमरत्व ख्रिस्ताकडून मिळते; जे ते नाकारतात त्यांचा अखेर नाश होतो. मराठी वाचकाने तर इथे दुप्पट सावध राहायला हवे. ‘आत्मा’ हा शब्द आपल्या कानी पडतो तोच गीतेचा दुसरा अध्याय सोबत घेऊन. बायबलच्या या वचनांत तो अर्थ आहे की आपण नेला आहे, हे तपासल्याशिवाय निवाडा करणे अन्यायाचे आहे.

यावर भक्कम आक्षेप आहे. मत्तयाच्या त्या वाक्यात जीवन आणि शिक्षा दोहोंना एकच विशेषण आहे. मग जीवन अनंत आणि शिक्षा सांत कशी? उत्तर असे, की ज्याचा परिणाम कधी फिरत नाही तो नाशही सार्वकालिकच असतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातले अहोरात्र पीडेचे वर्णन मात्र या उत्तरात सहज बसत नाही. तोच अध्याय पुढे अग्नीच्या सरोवराला दुसरे मरण म्हणतो, एवढा आधार मिळतो. तरी अडचण उरते. ती उरली आहे असे उघड म्हणावे. दुसरा आक्षेप असा, की या वाटेने कोणीही हवा तो अर्थ काढील. तसे होऊ नये म्हणून अट कडक हवी: वगळायचे ते फक्त ग्रंथात नसलेले वाक्य, ग्रंथातला एक शब्दही नाही. ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाने गळफास घेतला असे मत्तय सांगतो, तर प्रेषितांची कृत्ये त्याच्या पडून फुटण्याची गोष्ट सांगतात. दोर तुटला असेल, ही जोडणी त्या अटीत बसत नाही, कारण तिथे आपणच नवे वाक्य घालतो. दोन लेखकांनी दोन परंपरा नोंदवल्या, एवढेच म्हणणे प्रामाणिक.

आपल्या मीमांसकांनी वाक्यांची एकवाक्यता शोधण्याचे शास्त्रच घडवले आहे. वेदवचनांसाठी जी शिस्त आपण मागतो, तीच दुसऱ्याच्या ग्रंथाला द्यावी आणि दुसऱ्याने आपल्या ग्रंथाला. परक्या ग्रंथातले अवघड वचन समोर आले, की स्टोक्स यांची नळी आठवावी. डोळ्याला अंधार दिसला म्हणून त्यांनी ती मागे घेतली नाही. त्या अंधारात आणखी थोडी पुढे सरकवली.