प्रास्ताविकेचीही सक्ती नको!

शाळेत हात पुढे करून प्रतिज्ञा आम्हीही म्हटली. सगळे भारतीय आपले भाऊबहीण, हे रोज सकाळी एका सुरात म्हटले. तासाभराने गुरुजी वर्गात येऊन 'सवलतवाले उभे राहा' म्हणत शिष्यवृत्तीची यादी वाचायचे आणि सकाळचे तेच भाऊबहीण आमच्याकडे बघून हसायचे. प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ होती. बंधुता कुणी शिकवलीच नव्हती.

पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेल्या या प्रतिज्ञेच्या आशयाशी आमचे भांडण नाही. भांडण सक्तीशी आहे. जो म्हणणार नाही तो देशद्रोही, हे कुणी ठरवले? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राष्ट्रविरोधी म्हटले ते जातींना. गप्प उभ्या राहणाऱ्या पोराला नव्हे.

केरळमधील जेहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १९ आणि २५ चा आधार घेऊन त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. गप्प राहण्याचा हक्कही संविधानानेच दिला आहे.

आता अवघड प्रश्न, आणि तो आपल्या घरातला आहे. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन सक्तीचे झाले, तेव्हा आपण खूश झालो. मनुवाद्यांच्या मुलांनाही आता समता म्हणावीच लागेल, असे बोललो. पण मित्रांनो, त्याच प्रास्ताविकेत विचार, अभिव्यक्ती आणि श्रद्धा यांचे स्वातंत्र्य आहे. ते छडीच्या धाकाने म्हणून घ्यायचे? आणि सक्तीचे हत्यार आज सरकारच्या हाती दिले, तर उद्या तेच सरकार आपल्या पोरांना भलतेच काही म्हणायला लावेल. तेव्हा कोणत्या तोंडाने विरोध करणार?

'सक्ती नसेल तर संविधान शाळेत पोहोचणार कसे?' असे काही कार्यकर्ते विचारतात. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ आठवावा. नागपुरात लाखोंनी बाबासाहेबांसोबत २२ प्रतिज्ञा घेतल्या. कुणी हजेरी घेतली नाही, कुणाला शिक्षेचा धाक नव्हता. समजून, स्वेच्छेने घेतल्या, म्हणून त्या पिढ्यांनी जगून दाखवल्या.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: प्रास्ताविका घोकून घेऊ नका, शिकवा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, कलम १७ का लिहावे लागले, हे वर्गात सांगा आणि मुलांना उलटे प्रश्न विचारू द्या.

आणि आपणही कामाला लागू या. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि विचारा: पोषण आहाराची पंगत एकच असते का? शौचालय कुणाची मुले साफ करतात? शिष्यवृत्तीची यादी अजून भर वर्गात वाचली जाते का? बंधुतेची परीक्षा मुलांची नव्हे, आधी शाळेची घ्या.

जय भीम! जय संविधान!