ट्रॉलरच्या इंजिनातून निघालेले तेल जाते कुठे?

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे दोन महिने म्हणजे मालीम, कुटबण, शापोरा आणि वास्कोतील खारीवाडा येथील जेटींवर डागडुजीचा हंगाम. जाळी विणली जातात, लाकडी तळांच्या फटी बुजवल्या जातात, रंगाचे हात मारले जातात आणि ट्रॉलरच्या पोटात बसवलेली डिझेल इंजिने उघडली जातात. या साऱ्या कामांत सर्वात क्षुल्लक मानले जाणारे काम म्हणजे इंजिनातील तेल बदलणे. मेकॅनिकच्या लेखी ते अर्ध्या-पाऊण तासाचे काम, आणि मालकाच्या वहीत नव्या तेलाच्या डब्याची एक नोंद. जुन्या तेलाची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. मांडवी, झुआरी, साळ आणि शापोरा या नद्यांच्या मुखाशी साचणाऱ्या तवंगाचा विचार करायचा तर सुरुवात या न झालेल्या नोंदीपासून करावी लागते.

होडीच्या मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन आणि ट्रॉलरच्या आत बसवलेले इनबोर्ड इंजिन यांत मोठा फरक आहे. इनबोर्ड इंजिन सहसा ट्रकच्या इंजिनाच्याच जातीचे असते. चार किंवा सहा सिलिंडरांचे हे धूड डेकखालच्या अरुंद खोलीत, जवळजवळ तळाला टेकून बसवलेले असते. ट्रकचे तेल बदलताना मेकॅनिक खाली सरपटतो, भांडे ठेवतो आणि ऑइल चेंबरचा नट उघडतो. ट्रॉलरमध्ये चेंबरखाली भांडे ठेवण्याइतकी जागाच नसते. कित्येकदा तिथे हातही पोहोचत नाही. म्हणून इनबोर्ड इंजिनाचे तेल वरून काढण्याची पद्धत आहे. इंजिन थोडा वेळ चालवून तेल गरम करायचे, म्हणजे ते पातळ होते आणि तळाशी बसलेली काजळी त्यात मिसळून वर येते. मग डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप चेंबरच्या तळापर्यंत सोडायचा आणि हातपंपाने तेल थेट कॅनमध्ये ओढून घ्यायचे. काही इंजिनांना यासाठी पितळी हातपंप बसवलेलाच असतो. त्यानंतर ऑइल फिल्टर काढायचा. तो आडवा बसवलेला असेल तर सैल करताच आतले तेल ओघळते, म्हणून आधी त्याखाली चिंध्या किंवा प्लॅस्टिकची पिशवी धरायची. नवा फिल्टर, नवे तेल, पाच मिनिटे इंजिन चालू, पुन्हा बंद आणि पुन्हा माप. काढलेले तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, म्हणजे ऑइल कूलर किंवा गॅस्केट तपासायला हवे, हे अनुभवी तांडेलालाही ठाऊक असते.

पद्धत अशी असली तरी घाई, पंप नसणे आणि ‘तळाला पाणी आहेच’ ही समजूत यांमुळे अनेकदा सोपा मार्ग निवडला जातो. नट उघडला जातो आणि तेल ट्रॉलरच्या तळाशी सोडले जाते. तळातील या पोकळीला दर्यावर्दी बिल्ज म्हणतात. दांड्याच्या ग्रंथीतून ठिबकणारे समुद्राचे पाणी, बर्फाचे पाणी, माशांचे रक्त, सांडलेले डिझेल असे सारे काही तिथे येऊन मिळते. बिल्जमधले पाणी उपसले नाही तर बोट जड होते, म्हणून पंप असतो. तो पाणी आणि तेल यांत भेद करत नाही.

या साध्या यांत्रिक तपशिलात प्रश्नाचे मर्म आहे. जळक्या तेलाला बाजारात किंमत आहे. भंगारवाले ते विकत घेतात. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी, वीटभट्टीत जाळण्यासाठी ते जाते; लाकडाला किडीपासून वाचवण्यासाठी होडीच्या फळ्यांनाही ते फासले जाते. यांतील बहुतेक उपयोग कायद्याच्या कसोटीवर टिकणारे नाहीत. तरीही त्यांचा एक परिणाम असा की कॅनमध्ये स्वच्छ निघालेले काळे तेल सहसा कोणी पाण्यात ओतत नाही. फुकट पैसे कोण घालवील? पाण्यात जाते ते बिल्जमध्ये मिसळलेले तेल, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. तेच लिटरभर तेल डिपस्टिकच्या नळीतून वर आले तर विकण्याजोगा माल होतो आणि नटातून खाली पडले तर टाकाऊ घाण. हा निर्णय कोणत्याही खात्याच्या कार्यालयात होत नाही. तो इंजिनच्या खोलीत, पाना हातात असलेल्या माणसाच्या सोयीने होतो.

बंदीच्या काळात बोट धक्क्याला असते, वेळ असतो, भंगारवालाही येतो. खरी अडचण हंगामात उभी राहते. अशा डिझेल इंजिनाचे तेल साधारण २५० तासांनी बदलावे असा प्रचलित दंडक आहे. पाच-सहा दिवसांच्या फेरीत इंजिन दिवसाला वीस तास चालले, तर दोन फेऱ्यांतच ही मर्यादा जवळ येते. खराब हवामान, खलाशांची टंचाई, मासळीचा दुष्काळ यांमुळे उभ्या राहणाऱ्या बोटींचे दिवस वजा करून वर्षाला दहाच वेळा तेल बदलले असे धरू आणि चेंबरची क्षमता १५ लिटर मानू. म्हणजे एका बोटीमागे वर्षाला १५० लिटर आणि शंभर बोटींमागे १५,००० लिटर जळके तेल निघते. हा केवळ हिशेबासाठी मांडलेला अंदाज आहे. तरीही दर खेपेला फिल्टरमधून आणि नळीतून एकच लिटर बिल्जमध्ये सांडले, तर शंभर बोटींचे वर्षाकाठी हजार लिटर होतात. तेलवाहू जहाज फुटल्याची बातमी पहिल्या पानावर येते. ही गळती लिटरालिटराने होते, म्हणून तिची बातमी होत नाही.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आपल्या नागरिकांना सांगते, की एका वेळच्या तेलबदलातून निघालेले जळके तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी पिण्यास अयोग्य करू शकते. खाडीचे पाणी कोणी पीत नाही हे खरे. परंतु जळके तेल नव्या तेलासारखे नसते. इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे सूक्ष्म कण, मूळ तेलातील जस्तासारखी मिश्रणे आणि ज्वलनातून तयार झालेली कर्करोगकारक हायड्रोकार्बन संयुगे त्यात असतात. तिसऱ्या, खुबे, कालवे, शिणाण्या हे जीव पाणी गाळून जगतात. पाण्यात जे आहे ते त्यांच्या शरीरात साठत जाते. नदीमुखांच्या चिखलात आणि खडकांवर हे जीव वाढतात आणि जेटीही नदीमुखांतच आहेत. तवंग लपवण्यासाठी बिल्जमध्ये साबणाची पूड टाकण्याचा उपाय काही जण करतात. त्याने तवंग डोळ्यांना दिसेनासा होतो, पण तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोलवर पसरते आणि गाळून खाणाऱ्या जिवांना अधिक सहज मिळते. दिसणारी घाण न दिसणारी करण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यात केवळ खलाशीच पारंगत आहेत असे नाही.

येथे एक गल्लत टाळायला हवी. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे वाहून येतात आणि त्यावर मोठी ओरड होते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे रासायनिक ठसे तपासून तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेले पाणी आणि बॉम्बे हायचे तेलक्षेत्र यांकडे बोट दाखवले आहे. ते गोळे कच्च्या खनिज तेलाचे असतात. ट्रॉलरच्या चेंबरमधील तेलाने ते बनत नाहीत, त्यामुळे त्यांचे खापर मच्छीमारांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. मात्र डांबरगोळ्यांसाठी परराज्यांतील आणि परदेशी जहाजांकडे बोट दाखवता येते, या सोयीमुळे आपल्या धक्क्यांवरील तवंग चर्चेतून निसटतो. शिवाय डांबरगोळे पर्यटकांच्या पायांना लागतात. नदीमुखातला तवंग मासळी घेऊन येणाऱ्यांखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कायदा नाही असेही नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल घातक कचरा म्हणून नोंदलेले आहे आणि ते केवळ अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावे अशी तरतूद आहे. हेच नियम किनारी आधाररेषेपासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जहाजांवर निर्माण होणाऱ्या कचऱ्याला लागू होत नाहीत. तेथे सागरी नौवहनाचे कायदे आणि ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार येतो. त्या करारानुसार तेल वेगळे करणारे यंत्र आणि त्याचे प्रमाणपत्र ही सक्तीची अट ४०० टनेज आणि त्यावरील जहाजांना आहे. लहान बोटींनी तेलकट पाणी बोटीवरच साठवून बंदरात द्यावे, अशी अपेक्षा करार ठेवतो. देशी ट्रॉलर या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्याने त्यांच्या बाबतीत सारा भार बंदरातील स्वीकार व्यवस्थेवर येतो. साठवून आणलेले तेल द्यायचे कोणाकडे, याचे उत्तर धक्क्यावर नसेल तर करारातली अपेक्षा कागदावरच राहते.

आणि धक्क्यांची स्थिती काय आहे? २०२४ च्या पावसाळ्यात कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलराची साथ पसरली आणि त्यात कामगारांचे बळी गेले. तेव्हा शौचालय आणि स्वच्छ पाणी या प्राथमिक सोयींचा अभाव साऱ्या राज्याला दिसला. जिथे माणसांच्या मैल्याची सोय नव्हती तिथे इंजिनाच्या तेलासाठी टाकी असावी, ही मागणी काहींना चैनीची वाटेल. पण दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. जेटीकडे मासळी उतरवण्याची जागा म्हणून पाहिले जाते. शेकडो यंत्रे आणि माणसे जिथे महिनोन्‌महिने राहतात अशी वसाहत म्हणून पाहिले जात नाही. जबाबदारीही वाटली गेली आहे. परवाने आणि जेटी मत्स्योद्योग खात्याकडे, जलमार्ग बंदर कप्तान खात्याकडे, पाण्याची गुणवत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. तेल या तिघांच्या मधल्या फटीतून वाहते.

तरीही गोव्यात हा प्रश्न सोडवणे इतर राज्यांच्या तुलनेत सोपे आहे. ट्रॉलरधारकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. त्यासाठी कोणत्या बोटीने किती डिझेल घेतले याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. डिझेल किती जळले यावरून इंजिन किती तास चालले आणि तेल किती वेळा बदलले असावे, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. म्हणजे बोटीच्या आत जाणाऱ्या इंधनाचा हिशेब सरकारदरबारी आधीच आहे. परताव्याच्या अर्जासोबत जळके तेल जमा केल्याची पावती जोडण्याची अट घातली, तर बाहेर पडणाऱ्या तेलाचाही हिशेब त्याच वहीत येईल.

इंधनाशी घाणीचा हिशेब जोडण्याची ही कल्पना कोठे आजमावली गेलेली नाही असेही नाही. ऱ्हाइन नदी आणि तिच्या परिसरातील जलमार्गांसाठी जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड या सहा देशांनी १९९६ मध्ये एक करार केला. तो २००९ मध्ये अमलात आला. मालवाहू बोट डिझेल भरते तेव्हाच घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे शुल्क भरते. सुरुवातीचा दर हजार लिटरमागे साडेसात युरो होता. त्यानंतर बिल्जमधील तेलकट पाणी आणि जळके तेल गोळा करणाऱ्या केंद्राकडे वा नौकेकडे देताना तिला वेगळा खर्च येत नाही. यातील शहाणपण साध्या व्यवहाराचे आहे. घाण देताना पैसे मागितले तर माणूस ती अंधारात टाकतो. पैसे आधीच घेतलेले असले तर तो हक्काने ती घेऊन येतो.

केंद्राचे नवे नियमही यास पूरक आहेत. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली असून तिचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. उत्पादकांना हे लक्ष्य गाठण्यासाठी पुनर्प्रक्रिया केलेल्या तेलाची प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात, आणि तेल गोळा करणारे अभिकर्ते हा या साखळीतील नोंदणीकृत घटक आहे. जेटीवरील मच्छीमार सहकारी संस्थांना अशी नोंदणी करता आली, तर आज भंगारवाल्याकडे जाणारे तेल त्यांच्या उत्पन्नाचे साधन होईल. पाणी मिसळलेल्या बिल्जच्या तेलासाठी मात्र सरकारलाच खर्च सोसावा लागेल, कारण त्यात कोणाला नफा नाही. राज्यात घातक कचऱ्यावरील प्रक्रियेची सुविधा पिसुर्ले येथे आहे. प्रश्न जेटीपासून तिथवरच्या वाहतुकीचा आणि जेटीवरील टाकीचा आहे.

ट्रॉलरमालकांचा आक्षेप ऐकून घ्यायला हवा. मासळी घटली, डिझेल महागले, खलाशी मिळत नाहीत. त्यात आणखी एक पावती, आणखी एक निरीक्षक. याच मांडवीत कॅसिनो, पर्यटक नौका आणि सरकारच्या स्वतःच्या फेरीबोटी उभ्या असताना केवळ मच्छीमारांकडेच पावती का मागावी, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पावतीची अट लावायची तर ती नदीत इनबोर्ड इंजिन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावावी लागेल, आणि सुरुवात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटींपासून व्हावी हे अधिक शोभेल. निरीक्षक नेमण्याआधी प्रत्येक परवानाधारक बोटीला तेल ओढण्याचा एक हातपंप, बंद झाकणाचा एक कॅन आणि बिल्जमध्ये ठेवायला तेल शोषणारे काही गठ्ठे अनुदानात द्यायला हरकत नाही. डिझेलवरील परताव्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ ठरेल. जाळी आणि इंजिने दुरुस्त होत असताना, बंदीच्या त्याच दोन महिन्यांत, हे वाटप आणि त्याचे प्रशिक्षण होऊ शकते. १ ऑगस्टला ट्रॉलर निघाल्यावर पहिले २५० तास सरायला ऑगस्टही पुरा व्हावा लागत नाही, त्यामुळे टाकी धक्क्यावर असायला हवी ती त्याच्या आधी.