कड्यावरची मोजदाद

गिधाड हा शब्द आपल्या घरांत पक्ष्यासाठी कमी आणि माणसांसाठी जास्त वापरला जातो. वाटणीच्या वेळी भाऊबंद जमले की कुणीतरी म्हणतेच, "चाळीसवा झाला नाही अजून, आणि हे गिधाडासारखे टपून बसलेत." उर्दूत तर त्याची अवस्था आणखी वाईट. तिथे शाहीन, म्हणजे ससाणा, हा उंच भरारीचा आणि खुद्दारीचा पक्षी; इक्बालने त्याला तरुणांच्या मनात कायमचे बसवून ठेवले. करगस, म्हणजे आपले गिधाड, हा मुर्दारखोर. आकाश दोघांचे एकच, मान मात्र एकालाच. कवितेपुरते ते ठीक आहे. पण खरे पाहिले तर ससाणा जिवंत जीव मारून खातो, आणि गिधाड जवळजवळ कधीच कुणाला मारत नाही. जे मेले आहे, तेवढेच ते उचलते.

या हिवाळ्यात आम्ही शाळेतल्या नववीच्या आठ मुलामुलींना घेऊन अंजनेरीला गेलो होतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघाले की साधारण वीस किलोमीटरवर डाव्या हाताला हा डोंगर उभा राहतो. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविक इथे मोठ्या संख्येने येतात. याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला, जटायू पडला अशी श्रद्धा आहे. म्हणजे गिधाडाला मान देणारी जागा मुळात आपल्या शेजारीच आहे. आम्ही गडावर गेलो नाही. आम्हाला पाहायचा होता तो कडा, आणि कडा खालूनच नीट दिसतो.

सोबत एक वनरक्षक होते आणि गिधाडांच्या नोंदी ठेवणारे एक पक्षीमित्र. त्यांनी तिपाईवर मोठी दुर्बीण लावली आणि मुलांना पहिला प्रश्न विचारला, "पक्षी शोधू नका. आधी चुना सांडल्यासारखे डाग कुठे दिसतात ते सांगा." काळ्या कातळावर खरोखरच पांढरे ओघळ होते. ती विष्ठा. जिथे ओघळ, त्याच्या वरच्या कपारीत बसायची जागा किंवा घरटे. हे लांब चोचीचे गिधाड, भारतीय गिधाडही म्हणतात. ते कड्याच्या कपारीत घर करते. त्याचा भाऊबंद, पांढऱ्या पाठीचे गिधाड, उंच झाडांवर घर करतो. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला तो आढळतो. आपल्या कोकणातल्या वाचकांना ते गाव ठाऊक असेल.

मोजदादीचे काम पाहून मुले थोडी हिरमुसली. त्यांना वाटले होते, चढायचे, घरट्यात डोकवायचे, फोटो काढायचे. प्रत्यक्षात ठरलेल्या एकाच जागेवरून, ठरावीक दिवसांनी, त्याच कड्याकडे तासन्‌तास पाहत राहायचे. प्रत्येक घरट्याला क्रमांक दिलेला असतो. वहीत तारीख, वेळ, हवा आणि त्या क्रमांकापुढे एवढेच: पक्षी उभा, पक्षी बसलेला, जागा रिकामी. सकाळी लवकर यावे लागते, कारण गिधाड जड पक्षी आहे. पंख मारत फार लांब जाणे त्याला परवडत नाही. ऊन चढून खडक तापला की गरम हवा वर सरकते आणि त्या हवेवर ते पंख पसरून नुसते तरंगत वर जाते. एकदा उडाले की मोजणी संपली. मग संध्याकाळी परत कड्यावर येतात तेव्हाच.

एका मुलीने विचारले, "मॅडम, अंडे तर दिसतच नाही. मग आहे असे लिहायचे कसे?" उत्तर पक्षीमित्रांनी दिले. अंडे दिसले असे लिहायचेच नाही. पक्षी पोट टेकून बसलेला दिसला, एवढेच लिहायचे. पुढच्या खेपेलाही तो तसाच बसलेला असेल, त्याच्या पुढच्या खेपेलाही, तर अंडे असावे असा अर्थ काढता येतो. नर आणि मादी दिसायला सारखेच, आणि दोघेही आळीपाळीने अंडे उबवतात, त्यामुळे "मादी बसली आहे" असेही लिहायचे नाही. दिसले ते लिहा, वाटले ते वेगळ्या रकान्यात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा धडा फार आवडला. निबंधाच्या वह्या तपासताना हा नियम कितीदा सांगावा लागतो!

या संयमाला कारण आहे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे देते. हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडे, मग सुमारे पन्नास दिवसांची उबवण, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी तीन-चार महिने. म्हणजे उन्हाळा तोंडावर येईपर्यंत आईबाप त्या एका पिल्लात गुंतलेले. पिल्लू मोठे होऊन स्वतः घरटे करण्याजोगे व्हायला पाच वर्षे तरी लागतात. कोंबडीसारखे किंवा कबुतरासारखे गेलेले लवकर भरून निघत नाही. कड्याखाली फटाके वाजले, गाणी लागली, कुणी ड्रोन उडवला आणि बसलेला पक्षी उठून गेला, तर त्या जोडीचे ते वर्ष सहसा वाया गेले.

आता मूळ प्रश्न. एवढी मोजदाद कशासाठी? एकेकाळी गावाबाहेर बैल मेला की अर्ध्या दिवसात नुसता सापळा उरायचा. कातडे काढणारे कातडे न्यायचे, गिधाडे मांस साफ करायची, हाडे गोळा करणारे हाडे न्यायचे. हाडांच्या आणि कातड्याच्या धंद्यात आपलीही किती घरे होती, हे जुन्या माणसांना विचारा. मग नव्वदीच्या दशकात गिधाडे दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी पूर्वी त्यांची गणना केलेली होती, म्हणून पुन्हा मोजल्यावर घट कळली. जुनी वही नसती तर "हल्ली कमी दिसतात" एवढीच कुजबूज राहिली असती. देशभरच्या मोजण्यांवरून पुढे निघालेला आकडा अंगावर काटा आणतो: १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले. लांब चोचीची जवळपास ९७ टक्क्यांनी कमी झाली.

आधी वाटले रोग असेल, कुणी म्हणाले कीटकनाशके. कारण सापडले ते पाकिस्तानी पंजाबात. लिंडसे ओक्स हे अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांचे पाकिस्तानी सहकारी यांनी मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा युरिक ॲसिडचा थर. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केले की हे डायक्लोफिनॅक या औषधाचे काम आहे. तेच, गुडघेदुखीला माणसे घेतात ते. ते स्वस्त झाले तसे गुरांनाही टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले तर औषध त्याच्या मांसात राहते, आणि ते खाणारे गिधाड थोड्याच दिवसांत मरते. त्यातही भयंकर गोष्ट अशी की शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट व्हायला ते पुरेसे होते, कारण एका जनावरावर डझनांनी गिधाडे उतरतात.

२००६ मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद करून एका मात्रेचीच कुपी ठेवली गेली. ॲसिक्लोफिनॅक हे जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाले, आणि २०२४ सरता सरता निमेसुलाइड. एकेका औषधासाठी इतकी वर्षे लागली याचा आम्हाला राग येतो. गिधाडांना मत नसते, हे खरे.

गिधाडे गेल्याने मोकळी पडलेली जनावरे कुत्र्यांनी खाल्ली, कुत्री वाढली, पाणी नासले. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका मान्यवर नियतकालिकात हिशेब मांडला: जिथे गिधाडे पूर्वी भरपूर होती अशा जिल्ह्यांत ती नाहीशी झाल्यावर माणसांचे मृत्यू वाढले, २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची शतकांची रीतही याच कारणाने अडचणीत आली. तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. एका समाजाचे अखेरचे संस्कार आणि एका गोठ्यातले इंजेक्शन यांचा असा संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही नसेल.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातच, हरसूलच्या बाजूला, खोरीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तिथे वनखात्याने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांचे उपाहारगृह चालवले. नाव ऐकून हसू येते, पण काम साधे आहे. परिसरात कुणाचे बैल, गाय, म्हैस मेली की वनखात्याला कळवायचे. जनावराला अलीकडे कोणते औषध दिले होते याची चौकशी करायची, आणि खात्री पटली तरच ते ठरलेल्या मोकळ्या जागेत ठेवायचे. मालकाला मोबदला मिळतो. गिधाडे येतात, खातात, आणि कोणत्या जातीची किती आली याची नोंद होते. म्हणजे पोट भरणे आणि मोजणे एकाच जागी. आमच्या मते या सगळ्यात खरा नायक तो शेतकरी आहे, जो बैल गेल्याच्या दुःखातही "याला अमुक इंजेक्शन दिले होते" हे खरे सांगतो. तो खोटे बोलला तर सगळी मेहनत विषात जाते.

अंजनेरीवर दुसरी भीती आहे. २०२१ मध्ये गडावर मोटाररस्ता करायचा बेत पुढे आला, नंतर ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा. पर्यावरणप्रेमींनी दोन्हींना हरकत घेतली, ती याच कड्यासाठी. सिंहस्थ जवळ आला आहे, गर्दी वाढणार आहे. भाविकांची सोय व्हावी यात वाद नाही. पण म्हाताऱ्या माणसाला वर नेण्याचे दुसरे मार्ग निघू शकतात. कड्याला दुसरा मार्ग नाही.

आणखी एक बातमी मुलांना फार आवडली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात जन्मलेली काही गिधाडे ऑगस्ट २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात सोडली गेली, पाठीवर ठावठिकाणा सांगणारे छोटे यंत्र बांधून. पेंचच्या एकाने शेकडो किलोमीटर उडत आपला नाशिक जिल्हा गाठला. ताडोब्याचे एक थेट तामिळनाडूपर्यंत गेले आणि तिथे विजेच्या तारेच्या धक्क्याने मेले. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक गावच्या गोठ्यातले औषध महत्त्वाचे.

आता आपल्या घरचे. आपल्यापैकी पुष्कळ जण शेळ्या पाळतात. बकरी ईदच्या महिना-दोन महिने आधी बोकड आणतात. तो लंगडतो, तापतो, खाणे सोडतो. मग कुणीतरी मेडिकलमधून दुखण्याचे इंजेक्शन आणते. तसे करू नका. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि स्पष्ट विचारा, "वेदनेवर मेलोक्सिकॅम चालेल का?" मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधे गिधाडांना अपाय करत नाहीत, आणि दोन्ही मिळतात. औषध दिल्यावर मांस किती दिवसांनी खाण्यायोग्य होते तेही त्याच वेळी विचारून घ्या. ते आपल्याच मुलांसाठी. औषध चालू असताना जनावर मेले तर ते माळावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा. काही वाचक विचारतात, कुर्बानीचे आतडे-कोथळे डोंगरावर नेऊन टाकले तर सवाब मिळेल का? त्याने गिधाडे नाही, कुत्री येतात, आणि प्लास्टिकची पिशवी सोबत गेली तर आणखीच वाईट. ते नगरपालिकेच्या गाडीतच द्या.

आणि कधी जखमी, मान टाकून बसलेले गिधाड दिसले तर त्याच्याभोवती गर्दी करू नका, चोच उघडून पाणी पाजू नका. त्याची चोच धारदार असते आणि घाबरले की ते खाल्लेले ओकते. कुत्र्यांना हाकला, दुरून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाव, वाडी आणि जवळची खूण नीट सांगा, म्हणजे त्यांना शोधत बसावे लागणार नाही.