फोटोत मी मीच दिसू दे!

अणदूरच्या माझ्या पुतणीचा स्थळांना दाखवायचा फोटो घरी आला, तेव्हा सगळे म्हणाले, "काय छान आलाय!" तीच तेवढी गप्प. रात्री हळूच म्हणाली, "काकू, ही मी नाहीच की."

खरंच होतं. सावळी, तजेलदार पोर फोटोत दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. पुढे पाहुणे आले, आणि उठताना एक बाई सहज बोलून गेल्या, "फोटोत उजळ वाटली होती." म्हणजे खोटेपणाचा ठपकाही पोरीवरच!

फोटो काढणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मी काहीच केलं नाही, मोबाईलमध्ये तसंच येतं." ते खोटं नव्हतं. कित्येक फोनमध्ये 'ब्यूटी' आपण न सांगताच चालू असतं. गूगलने २०२० साली, नव्या पिक्सेल फोनमध्ये ते आपोआप चालू राहणार नाही, असं जाहीर केलं. पण ही खोड मोबाईलच्या आधीची. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असे, त्यावर गोरी बाई. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर! गडद रंग नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा कुठे फिल्म सुधारू लागली, असं सांगतात. बायकांच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटची पत जास्त, दुसरं काय!

यंत्र कसं फसतं हे आमच्या गावात बघावं. खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की सगळं पिवळं. 'ऑटो' व्हाइट बॅलन्सला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग ते निळं मिसळतं. भंडारा फिका, चेहरे निळसर. तिथे सूर्याचं चिन्ह निवडायचं, म्हणजे उन्हाचा रंग धरून फोटो येतो. कॅमेऱ्यात 'व्हिव्हिड'ऐवजी 'न्यूट्रल' ठेवायचं, आणि फोनवरचं 'ब्यूटी' शून्यावर आणायचं. मागे पांढरी भिंत असेल तर चेहरा काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवावं. पण मैत्रिणींनो, प्रकाश वाढवणं वेगळं आणि कातडी गोरी करणं वेगळं. नेमकी इथेच गल्लत होते. आणि हे फोटोवाल्याला आधीच सांगायचं, अल्बम हातात आल्यावर नाही.

मग एका सकाळी ओसरीच्या सावलीत मीच तिचा फोटो काढला. नाकावरचा तीळही आला, जो आधी गायब झाला होता. ती म्हणाली, "हाच पाठवा." वहिनी म्हणाल्या, "आधी स्थळं तर येऊ देत." मला वहिनींचा राग येत नाही, त्यांनाही कुणी तरी असंच पारखलं असणार. पण फोटो बघून जो नाही म्हणेल, तो घरी येऊन नाही म्हणण्यापेक्षा बराच की!

सध्या दोन्ही फोटो वहिनींच्या मोबाईलमध्ये आहेत. येत्या रविवारी कुठला जातो, ते बघायचं.